ब्लोअरचा रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतोय? जुना भाग विकत घेण्याआधी हे तपासा

गाडीच्या ब्लोअरचे पहिले तीन वेग बंद, फक्त चौथा चालू. ही एकच तक्रार घेऊन मी तेरा महिन्यांत तीन रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारे भाग, बदलले. तिन्ही वापरलेले. पहिले दोन पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले, तिसरा ऑनलाइन मागवला. पहिला सात महिने चालला, दुसरा चार आणि तिसरा जेमतेम पाच आठवडे. दर वेळी मला वाटलं, विक्रेत्याने गळ्यात खराब माल मारला. प्रत्यक्षात खराब होती ती माझ्याच गाडीतली मोटर, आणि ती एकामागून एक रेझिस्टर जाळत होती.

तिसरा गेला तो जुलैत, ताम्हिणी घाटात. बाहेर धुकं, वर पाऊस, आत आम्ही चौघं आणि चौघांच्या श्वासाची वाफ. पुढची काच आतून दुधासारखी झाली. ब्लोअर दोनवर होता, अचानक गप्प झाला. आई शेजारी बसली होती, तिने पदराने काच पुसायला घेतली. पुसलेला पट्टा मागोमाग पुन्हा धूसर व्हायचा. एका वळणावर समोरून एसटी आली ती अगदी जवळ आल्यावर दिसली. तेव्हापासून ब्लोअर हा माझ्या दृष्टीने ब्रेक आणि वायपरच्या पंगतीतला भाग आहे. आपल्याकडे हीटर फारसा लागत नाही, महाबळेश्वरला किंवा निफाडच्या थंडीत चार दिवस लावला तर लावला. पण काचेवरची वाफ घालवायची, एसीची हवा आत आणायची आणि हीटरची ऊब पसरवायची, ही तिन्ही कामं एकच पंखा करतो. तो गेला की तिन्ही गेली.

घाटात अडकलेल्यांसाठी आधी एक गोष्ट सांगते, कारण त्या दिवशी मला ती सुचायला दहा मिनिटं लागली. रेझिस्टर जळला तरी चौथा वेग बहुतेक वेळा चालू असतो. बटण सरळ चारवर न्या, हवेचा रोख काचेवर ठेवा, आतली हवा फिरवण्याऐवजी बाहेरची घ्या आणि एसी चालू करा. एसीने हवा कोरडी होते आणि काच लवकर साफ होते. आवाज मोठा येईल, येऊ द्या.

चौथाच का चालतो

साध्या, हाताने फिरवायच्या बटणाच्या गाडीत ब्लोअरची मोटर १२ व्होल्टची असते आणि तिचा वेग कमी करायचा मार्ग सरळसोट असतो: वाटेत अडथळा घालायचा. रेझिस्टर म्हणजे तारेच्या तीन वेटोळ्या. एकवर सगळ्या वेटोळ्यांतून वीज जाते, दोनवर त्यातली एक वगळली जाते, तीनवर आणखी एक. चारवर रेझिस्टर पूर्ण बाजूला पडतो आणि मोटरला थेट वीज मिळते. म्हणून एक ते तीन बंद आणि चार चालू असेल तर बोट रेझिस्टरकडे जातं, आणि ते बरोबरच असतं. चारही बंद असतील तर रेझिस्टर बदलण्यात अर्थ नाही. आधी फ्यूज, मग रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), मग मोटरच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगला, वीज येते का, अर्थिंग नीट आहे का, या क्रमाने जा. डॅशबोर्डच्या खाली थाप मारली की पंखा सुरू होतो, अशी लक्षणं असतील तर मोटरचे कार्बन (आत घासून वीज पोचवणाऱ्या कांड्या) झिजलेत.

आणखी एक लक्षण फार फसवतं. लांबच्या प्रवासात एसी लावलेला असतो, पंख्याचा आवाज तसाच असतो, पण हवा हळूहळू कमी होत जाते. पंधरा मिनिटं एसी बंद ठेवला की हवा परत येते. हा ब्लोअरचा दोष नाही. कुलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. त्यासाठी मोटर बदलू नका. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने बदलली आणि पैसे फुकट गेले.

आता रेझिस्टर जळतो कसा ते. त्या वेटोळ्या तापणारच, त्यांचं कामच ते आहे. म्हणून त्या हवेच्या वाटेत, पंख्याच्या वाऱ्यावर बसवलेल्या असतात. पंखा फिरतोय तोवर त्यांना वारा लागतो आणि त्या जगतात. शेजारी चांदीच्या रंगाचा, तांदळाच्या जाड दाण्याएवढा एक तुकडा असतो. तो थर्मल फ्यूज. तापमान ठरलेल्या हद्दीपलीकडे गेलं की तो एकदाच तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. बहुतेक ‘जळलेल्या’ रेझिस्टरांत वेटोळ्या धड असतात, गेलेला असतो हा तुकडा.

याचा अर्थ तो तुकडा काहीतरी सांगत असतो. एकतर रेझिस्टरला वारा कमी पडतोय, नाहीतर त्यातून जास्त वीज जातेय.

जास्त वीज किती महाग पडते ते बघा. समजा वेटोळीचा रोध एक ओहम आहे आणि धडधाकट मोटर दोनवर पाच अँपिअर घेते. वेटोळीत २५ वॅट उष्णता होते. मोटरचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, कोरडे पडले, ती जड फिरायला लागली आणि आठ अँपिअर घ्यायला लागली, तर तीच वेटोळी ६४ वॅट तापते. प्रवाह दीडपटीहून थोडा वाढला आणि उष्णता अडीचपट झाली. शिवाय जड मोटर हळू फिरते, म्हणजे वाराही कमी. रेझिस्टर दोन्ही बाजूंनी भरडला जातो. माझ्या गाडीत नेमकं हेच चाललं होतं आणि मी दर वेळी नवा बळी आणून बसवत होते.

मी काय मोजलं आणि काय सापडलं

चौथ्यांदा मी रेझिस्टर आणायला गेलेच नाही. आमच्या भागातल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गाडी नेली. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, “ताई, मोटर किती अँपिअर खातेय, कुणी बघितलं का?” तेरा महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

काकांकडे क्लॅम्प मीटर होता, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा. तुम्ही स्वतः मोजणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त घरातली एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी, वीज मोजतात. गाडीसाठी डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, प्रवाह मोजणारा हवा. साध्या मल्टिमीटरची मर्यादा सहसा दहा अँपिअर असते आणि ब्लोअर सुरू होताना त्याहून जास्त ओढतो, त्यामुळे मल्टिमीटर मध्ये जोडून पूर्ण वेगाचं माप घ्यायला जाऊ नका.

इंजिन चालू ठेवून, वेग चारवर: १७ अँपिअर. छोट्या हॅचबॅकमध्ये पूर्ण वेगाला साधारण दहा ते पंधराच्या मध्ये कुठेतरी आकडा यावा, असं काका म्हणाले. मग त्यांनी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि खाली आडवे झाले. आपल्या गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, पुढच्या प्रवाशाच्या पायांच्या वर असतो. तीन स्क्रू काढले की बहुतेक मोटरी पंख्यासकट खाली उतरतात. ग्लोव्ह बॉक्सच्या वर त्या बाजूची एअरबॅग असेल, तर बॅटरी काढल्याशिवाय तिथल्या वायरींना हात लावू नका आणि पिवळ्या कपलरच्या वाटेला जाऊ नका.

मोटर बाहेर आली तसा वर्तमानपत्रावर ढीग पडला. गुलमोहराची पानं. त्याची ती बारीक, नखाएवढीही नसलेली पानं, वाळून तपकिरी झालेली, ओंजळभर. माझी गाडी सोसायटीत गुलमोहराखालीच उभी असते. पुढच्या काचेच्या खाली जाळी असते तिच्यातून पिंपळाचं पान आत जात नाही, गुलमोहराचं आणि कडुनिंबाचं सहज जातं. केबिन फिल्टर असता तर तिथे अडलं असतं. जुन्या छोट्या गाड्यांत पुष्कळदा फिल्टरची जागा असते, फिल्टर नसतो. माझ्या गाडीत तसंच होतं. पानं पंख्यातून पुढे जाऊन रेझिस्टरच्या वेटोळ्यांमध्ये अडकली होती, काहींच्या कडा काळ्या झालेल्या होत्या. वाळल्या पानांना आग लागायला याहून जास्त काही लागत नाही.

काकांनी पंखा बोटाने फिरवला. चांगली मोटर बोटाने ढकलली की एक-दोन फेरे स्वतःहून घेते. आत चुंबक असल्याने थोडे टप्पे जाणवतात, ते ठीक. ही अर्ध्या फेऱ्यात थांबली. दांडा बाजूला हलवला तर हलला. बुश गेले होते.

तिसरी गोष्ट मी विचारलीच नसती तर राहून गेली असती: कपलर. रेझिस्टरच्या कपलरचं प्लास्टिक एका पिनेभोवती पिवळं पडून वितळलं होतं. सैल पिन म्हणजे आणखी एक रेझिस्टर, फक्त तो कुणी बसवलेला नसतो आणि त्याला वाराही मिळत नाही. काकांनी चारवर बॅटरीचे आणि मोटरच्या टोकांवरचे व्होल्ट मोजले होते: १४ आणि ११.५. अडीच व्होल्ट वाटेतच जात होते. तेवढे व्होल्ट १७ अँपिअरने गुणा, ४० वॅटच्या वर उष्णता येते. वाटेतल्या खराब जोडांवर मिळून छोट्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त ताप, डॅशबोर्डच्या आत.

तर रेझिस्टर दुसऱ्यांदा जळला की तिसरा आणण्याआधी या तीन गोष्टी बघायच्या: मोटर किती ओढते, वाऱ्याची वाट मोकळी आहे का, कपलर तापतोय का. इथे एक बारकावा आहे. फिल्टर तुंबला असेल तर या पद्धतीच्या पंख्याची मोटर जास्त नाही, उलट कमी प्रवाह घेते, कारण ढकलायला हवाच कमी मिळते. म्हणून अँपिअर कमी आले म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. फिल्टर काढून, पानं साफ करूनच मोजा.

काय जुनं घ्यावं, काय नवंच

आता खरेदीचा मुद्दा, कारण गाडी जुनी झाली की शोरूमची मोटर परवडत नाही, कधी मिळतही नाही, आणि आपण सगळेच भंगार बाजाराकडे वळतो. वळण्यात काही गैर नाही. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट यांचा माल तर देशभर जातो.

माझं मत अनुभवावरून पक्कं झालंय: रेझिस्टर जुना घेऊ नका. तो तापून तापूनच म्हातारा होतो आणि त्याचा थर्मल फ्यूज किती तापून आलाय हे बाहेरून कळत नाही. मीटरवर ओहम बरोबर दिसतात, तरी तो उद्या तुटू शकतो. नव्याची किंमतही मोटरच्या मानाने थोडी असते. कपलरही नवाच घ्या, तोही वायरीच्या शेपट्यांसकट मिळाला तर उत्तम. मोटर मात्र जुनी घ्यायला हरकत नाही, कारण तिची तब्येत हाताने, कानाने आणि मीटरने तिथल्या तिथे तपासता येते. पंखा जुना घ्यायला तर मुळीच हरकत नाही, फक्त तो मोटरसकट घ्या. मोटर आणि पंखा कारखान्यात जोडीनेच तोलून घेतलेले असतात, पंख्याच्या पात्यांवर कधी छोट्या धातूच्या क्लिपा दिसतात त्या याचसाठी. दुसऱ्याचा पंखा बसवला किंवा घाण समजून ती क्लिप काढली, की डॅशबोर्ड थरथरतो आणि बुश पुन्हा जातात.

एसीचं तापमान आपोआप सांभाळणाऱ्या गाड्यांत वेटोळ्यांचा रेझिस्टर नसतो, त्याच्या जागी ॲल्युमिनियमचे पंख लावलेलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. दोन्हींना बाजारात सर्रास ‘ब्लोअरचा रेझिस्टर’ म्हणतात. एकच मॉडेल, साधा प्रकार आणि महाग प्रकार, यांत हा भाग वेगळा असतो. जुना काढून सोबत न्या. फोटोवर विसंबू नका.

बाजारात मोटर बघताना मी आता काय करते ते सांगते. पिशवीत १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असते, घरातल्या यूपीएसमध्ये असते तसली, दोन वायरी, क्लॅम्प मीटर आणि टॉर्च. “ताई, चालू माल आहे, डोळे झाकून न्या,” असं प्रत्येक जण म्हणतो. मी डोळे उघडेच ठेवते आणि आधी वास घेते. जळलेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, आणि तो धुऊन जात नाही. मग बोटाने फिरवायची, दांडा हलवून बघायचा, पात्यांच्या मुळाशी चीर आहे का ते टॉर्चने बघायचं. मग बॅटरीला लावायची. कार्बनजवळ निळसर बारीक ठिणग्या दिसल्या तर चालतं, पिवळ्या मोठ्या ठिणग्या गोल फिरताना दिसल्या तर खाली ठेवायची. दोन-तीन मिनिटं चालवायची, कारण कोरडा बुश थंड असताना गप्प असतो आणि गरम झाल्यावर ओरडतो. विक्रेता घाई करतो, करू द्या. थांबवून पुन्हा सुरू करा, चार-पाच वेळा, दर वेळी पंखा वेगळ्या जागी थांबेल असं बघून. एखाद्या जागी उचलत नसेल तर आतल्या आर्मेचरचा, म्हणजे फिरत्या गुंडाळीचा, तेवढा भाग मेलेला आहे.

हातात धरून मोजलेले अँपिअर आणि गाडीत बसवल्यावरचे अँपिअर सारखे येत नाहीत. म्हणून तुलना करायची तर तुमची जुनी मोटर आणि बाजारातली मोटर, दोन्ही तिथेच, त्याच बॅटरीवर, एकसारख्या धरून मोजा. मला तिथे शेजारी ठेवलेल्या दोन मोटरींत तीन अँपिअरचा फरक दिसला होता, दोन्ही वरून सारख्याच चकचकीत होत्या.

फिरण्याची दिशा हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या पंख्याची पाती एका बाजूला वळलेली असतात. मोटर उलटी फिरली तरी हवा पुढेच येते, उलटी ओढली जात नाही, पण फार कमी येते. बाजारातल्या मोटरीचा कपलर कापलेला असेल आणि कुणी वायरी उलट्या जोडल्या, तर पंखा फिरतो, आवाज येतो आणि काचेवर मात्र फुंकर घातल्यासारखी हवा. मग लोक कुलिंग कॉइल तुंबली म्हणून डॅशबोर्ड उघडतात. मोटर बदलल्यावर हवा कमी वाटली तर आधी दिशा बघा. परदेशी साइटवरून मागवणाऱ्यांनी तर जास्तच जपून, कारण डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या गाडीचा ब्लोअर आपल्याकडच्या जागेत तसाच बसेल याची खात्री नसते.

मोटरीच्या कपाळावर, म्हणजे पंख्याच्या विरुद्ध बाजूला, एक नळीचं तोंड असेल तर ती छोटी रबरी नळीही विक्रेत्याकडून मागून घ्या. तिच्यातून मोटरीला स्वतःसाठी थंड हवा मिळते. गॅरेजमध्ये ती नळी पुष्कळदा बसवायची राहते आणि मग चांगली मोटर गरम होऊन जाते.

पुरातली मोटर

हे स्वतंत्र सांगावंसं वाटतं. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळूणला, अशा किती गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी लिलावात जाते आणि तिचे भाग सुटे होऊन बाजारात उतरतात. ब्लोअर पायांच्या उंचीवर असतो. सीटपर्यंत पाणी चढलं की तो बुडालेलाच समजा. अशी मोटर वाळवून, पुसून, बॅटरीला लावली की फिरते. महिन्या-दोन महिन्यांत आतला गंज बुश खातो.

ओळखायची कशी? वरून ती धुतलेली असते, त्यामुळे वरून बघू नका. पंख्याच्या आतल्या बाजूला, पाती जिथे तबकडीला मिळतात त्या खोबणीत टॉर्च मारा. तिथे मातीची बारीक, समान जाडीची रेघ असेल तर तो पुराचा गाळ आहे, रस्त्यावरची धूळ अशी एकसारखी बसत नाही, ती मऊ, करडी आणि तंतुमय असते. मी एकदा टूथपिकने ती रेघ खरवडली तर कुंडीतल्या मातीसारखी खपली निघाली. कपलरच्या पिनांवर हिरवट थर, स्क्रूच्या डोक्यात गंज आणि मोटरीच्या डब्याच्या सांध्याला तांबूस ओघळ दिसला तरी घेऊ नका. कितीही स्वस्त मिळाली तरी.

किमतीचंही बोलून घेऊ. बाजारभावाच्या मानाने फारच स्वस्त आणि विक्रेता पावती द्यायला तयार नाही, असं असेल तर माल चोरीचा असू शकतो. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली. साध्या कागदावर का होईना, दुकानाचं नाव, तारीख आणि भागाचं वर्णन लिहून घ्या. पावती देणारा दुकानदार सहसा चेकिंगची मुदतही देतो. दोन दिवस, कधी आठवडा. ती मुदत पावतीवरच लिहून घ्या आणि त्याच मुदतीत गाडी एक तास तरी दोनवर आणि एक तास चारवर चालवून बघा.

ऑनलाइन घेताना लेबलचा आणि कपलरच्या पिनांचा जवळून फोटो आणि मोटर चालू असतानाचा व्हिडिओ मागा. माझा तिसरा रेझिस्टर जिथून आला त्यांनी फक्त लांबून काढलेला एक फोटो पाठवला होता. भाग हातात आल्यावर दिसलं, थर्मल फ्यूजच्या जागी कुणीतरी साधी तार वाकवून बसवली होती. मी तो परत केला. त्यांनी दुसरा पाठवला, तोच पुढे ताम्हिणीत गेला.

ती वाकवलेली तार मी अजून विसरले नाही. गॅरेजमध्येही हा उपाय सांगितला जातो: “डायरेक्ट मारून देतो, पुन्हा जळणारच नाही.” खरंच जळत नाही, रेझिस्टर. त्याऐवजी जवळचं प्लास्टिक तापतं, आणि तिथे वाळलेली पानं असतात. तसंच २० अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून तिथे ३० चा घालणं. कृपा करून हे दोन्ही करू देऊ नका, मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी. त्याला नाही म्हणायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. तरी म्हणा.

माझ्या गाडीत शेवटी काय केलं

जुन्या बाजारातून मोटर-पंख्याची जोडी घेतली, वर सांगितलं तसं तपासून, तिसऱ्या दुकानात मिळाली. रेझिस्टर नवा, कपलर नवा, वायरी क्रिम्प करून, म्हणजे दाबून, जोडल्या. थर्मल फ्यूजजवळ सोल्डरिंगची उष्णता लागली तर तो तिथेच तुटतो, म्हणून त्याच्या आसपास पिवळी पडलेली तार बदलतानाही काकांनी सोल्डर वापरला नाही. फिल्टरच्या रिकाम्या जागेत फिल्टर बसवला. काचेखालच्या जाळीच्या आतून बारीक नायलॉनची जाळी लावली, डासांच्या जाळीहून जरा मोठ्या छिद्रांची, पावसाचं पाणी न तुंबता निघून जाईल अशी.

बुश ओरडत असतील तर तेल घालावं का, हा प्रश्न हमखास येतो. शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब दांड्याच्या मुळाशी घातले तर आवाज काही आठवडे थांबतो. गंज सोडवायचा स्प्रे मात्र मारू नका, बुशमध्ये मुरलेलं उरलंसुरलं तेलही तो धुऊन नेतो. आणि आवाज थांबला म्हणजे मोटर बरी झाली असं नाही, तेवढ्यात पुढच्या रविवारी बाजार गाठायचा.

सगळं बसवल्यावर इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजलं. चारवर १०.५ अँपिअर. बॅटरीवर १४ व्होल्ट, मोटरवर १३.४. अर्धा तास तीनवर चालवून काकांनी मला कपलरला हात लावायला सांगितला. कोमट होता, बोट ठेवता येत होतं. आधीच्या कपलरला असा हात लावला असता तर चटका बसला असता. हे आकडे तारखेसकट एका कागदावर लिहून मी ग्लोव्ह बॉक्समध्ये चिकटवले आहेत. दर पावसाळ्याआधी, मे महिन्यात, काकांकडे जाऊन तेच पुन्हा मोजते. आकडा १३ च्या वर गेला की मोटर उतरवून बघायची, असं आमचं ठरलंय. पहिल्या मे महिन्यात तो ११ आला, आणि फिल्टर काढला तर त्यात पुन्हा मूठभर गुलमोहर होता.